यादीत नसलेली इजा : लखनौचे कारागीर, झिजणारे खांदे आणि नव्या कामगार संहिता

लखनौ : यंत्रात सापडून कामगाराचे बोट तुटले, तर त्या नुकसानीचे मोजमाप भारतीय कायद्याने केव्हाच ठरवून दिले आहे. १९२३ च्या भरपाई कायद्यातील पहिल्या अनुसूचीनुसार अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असे मानले जाते. तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्क्यांनी. खांद्यापासून हात गेल्यास ९० टक्क्यांनी. मात्र हात जागच्या जागी आहे, पाचही बोटे शाबूत आहेत आणि तरीही तो हात डोक्यापर्यंत उचलता येत नाही, कात्री दाबता येत नाही, रात्री मुंग्यांनी झोप मोडते, अशा कामगाराला देण्यासारखे उत्तर या कायद्यापाशी नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी २९ केंद्रीय कायद्यांची जागा घेणाऱ्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यानंतरही ते उत्तर मिळालेले नाही.

एकच हालचाल दिवसातून शेकडो, हजारो वेळा केल्याने मनगट, कोपर, खांदा आणि मान यांना होणारी ही इजा एका क्षणात घडत नाही. तिला अपघाताची तारीख नसते, साक्षीदार नसतो, रक्त सांडत नाही. त्यामुळे ती अपघातांच्या नोंदवहीत येत नाही. आणि व्यवसायजन्य आजारांच्या यादीतही तिला जागा नाही. सुई, कात्री आणि शिलाई यंत्र यांवर ज्या शहराची ओळख उभी आहे, त्या लखनौमध्ये या त्रुटीचा अर्थ काय होतो, हे पाहणे महाराष्ट्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. केंद्र सरकारच्या ज्या योजनेतून लखनौजवळ मोठे वस्त्रोद्योग उद्यान आकाराला येत आहे, त्याच योजनेतून अमरावतीतही तसेच उद्यान उभे राहत आहे.

सुईपासून शिलाई यंत्रापर्यंत

लखनौची चिकनकारी जगाला माहीत आहे ती तिच्या नाजूकपणामुळे. २००८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु चिकनचा एक कुर्ता दुकानात येईपर्यंत किती खांदे आणि मनगटे त्याखाली झिजतात, याचा विचार क्वचितच होतो. आधी कापड बेतले व शिवले जाते. मग छपाई करणारा कारागीर लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर ठेवतो आणि त्यावर हाताने आघात करतो. ठसा उचलायचा, बुडवायचा, दाबायचा, हेच चक्र दिवसभर चालते. त्यानंतर ते कापड भरतकाम करणाऱ्या स्त्रियांकडे जाते. टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे एकेक टाके घालताना एका हाताच्या बोटांवर कापड ताणून धरावे लागते आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा व तर्जनीच्या चिमटीत सुई पकडून मनगट सतत फिरवावे लागते. तांदळाच्या दाण्याएवढ्या मुर्रीच्या टाक्यासाठी मान खाली आणि नजर कापडावर खिळलेली असते. भरतकाम संपले की छपाईचा रंग काढण्यासाठी कापड धुलाईला जाते. तेथे भिजून जड झालेले कापड आपटणे आणि पिळणे हे काम खांद्यांवरच पडते.

जरदोजीचे काम याहून वेगळे, पण शरीरासाठी तितकेच कठीण. लाकडी चौकटीवर, म्हणजे ‘अड्ड्या’वर, कापड ताणून बसवले जाते आणि कारागीर जमिनीवर मांडी घालून तिच्याभोवती बसतात. एक हात चौकटीच्या वर आरी चालवतो, दुसरा हात खालून धागा पुरवतो. दोन्ही कोपरे अधांतरी, पाठ वाकलेली आणि खांदे पुढे झुकलेले, अशा अवस्थेत अनेक तास काम चालते.

या परंपरागत कामांच्या जोडीला शहराच्या कडेला तालकटोरा, अमौसी, सरोजिनी नगर, चिनहट या औद्योगिक वसाहती आहेत. कारखान्यातील कामाचा वेग कामगार ठरवत नाही. तो साखळीच्या गतीने आणि तासाच्या उद्दिष्टाने ठरतो. कपड्यांच्या कारखान्यात एक कामगार पूर्ण सदरा शिवत नाही. एकाकडे फक्त कॉलर, दुसऱ्याकडे फक्त बाही, तिसऱ्याकडे फक्त काज-बटण. कामाची अशी विभागणी उत्पादन वाढवते, पण त्याचबरोबर एका कामगाराच्या वाट्याला येणाऱ्या हालचालींचे वैविध्य संपवते.

इजा होते कशी

साधे गणित पुरेसे आहे. एखादी शिवण पूर्ण करायला ३० सेकंद लागतात असे धरले, तर तासाला १२० आणि साडेसात तासांच्या प्रत्यक्ष कामात ९०० वेळा तीच कृती होते. प्रत्येक कृतीत कापड उचलणे, जुळवणे, ढकलणे, धागा कापणे असे चार-पाच भाग असतील, तर हाताच्या हालचालींची संख्या दिवसाला चार हजारांच्या घरात जाते. १९८० च्या दशकात अमेरिकेत बार्बरा सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत नेमकी हीच मर्यादा अतिपुनरावृत्तीचे काम ओळखण्यासाठी वापरली गेली : कामाचे एक चक्र ३० सेकंदांहून कमी असणे, किंवा चक्राच्या निम्म्याहून अधिक वेळात एकच प्रकारची हालचाल होणे. पुनरावृत्तीच्या जोडीला जोरही लावावा लागत असेल, तर धोका अनेक पटींनी वाढतो, हे त्या अभ्यासांनी दाखवून दिले.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो. त्यांच्यातील सूक्ष्म झीज भरून येण्यासाठी विश्रांतीचा वेळ लागतो. झीज होण्याचा वेग भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की दुखणे सुरू होते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या कंडरांच्या आवरणाला सूज येते. १८९५ मध्ये हे दुखणे वर्णन करणारे स्विस शल्यविशारद डी क्वेर्व्हेन यांचे नाव त्याला मिळाले आहे. मनगटातील अरुंद मार्गातून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब आला की अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात, पकड सैल होते. त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. हात सतत उचललेला किंवा अधांतरी राहिला की खांद्याच्या कंडरा चिमटल्या जातात. अशा अवस्थेत हात हलत नसला तरी स्नायू आखडलेला राहतो आणि त्याला होणारा रक्तपुरवठा घटतो. अड्ड्यावर बसलेल्या कारागिराचा हात वरकरणी स्थिर दिसत असला, तरी त्याचे खांदे सतत भार वाहत असतात.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला होणाऱ्या अशाच इजेला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात, आणि महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी पोहोचला तो सचिन तेंडुलकरमुळे. २००४ मध्ये या दुखण्यामुळे त्याला सामने सोडावे लागले आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वेळी त्याच्या दुखण्याविषयी कोणी शंका घेतली नाही. बॅट धरणारा हात दुखावतो, हे सर्वांना पटले. कात्री धरणाऱ्या हाताचे दुखणे मात्र वयाचे, अशक्तपणाचे किंवा कामचुकारपणाचे ठरते.

यादीत नसण्याची किंमत

कामामुळे होणाऱ्या आजारांसाठी भारतात दोन महत्त्वाच्या याद्या आहेत. पहिली यादी सरकारला कळवण्याच्या आजारांची. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत असे २९ आजार होते : शिसे, पारा, फॉस्फरस, आर्सेनिक यांची विषबाधा, सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टॉसिस, कापसाच्या तंतूंमुळे होणारा बिसिनोसिस, आवाजामुळे येणारा बहिरेपणा इत्यादी. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने हीच चौकट पुढे चालवली. दुसरी यादी भरपाईसाठी पात्र आजारांची. ती पूर्वी १९२३ च्या कायद्यात आणि १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमात होती. आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. या दोन्ही याद्यांत पुनरावृत्तीच्या कामामुळे हात, मनगट किंवा खांद्याला होणाऱ्या इजेचा उल्लेख नाही.

यादीबाहेरच्या आजाराला भरपाईचा रस्ता पूर्ण बंद नाही. पण जो उघडा आहे तो अतिशय अरुंद आहे. असा आजार कामाच्या ओघात झालेल्या एखाद्या विशिष्ट अपघाती इजेचा थेट परिणाम आहे, हे सिद्ध करावे लागते. शिडीवरून पडून खांदा दुखावला, तर ते शक्य आहे. दहा वर्षे बाही जोडून खांदा दुखावला, तर त्यातील कोणता दिवस अपघाताचा म्हणून दाखवायचा?

याचा परिणाम थेट मजुरीवर होतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात. सर्वसाधारण आजारपणात त्यांना मजुरीच्या ७० टक्के लाभ मिळतो, तोही वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस. शिवाय सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. तेच दुखणे ‘रोजगारजन्य इजा’ ठरले, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मजुरीच्या ९० टक्के मिळतो आणि काम करता येत नाही तोवर तो सुरू राहतो. अंशदानाच्या दिवसांची अट आड येत नाही. रोज ५०० रुपये मिळवणाऱ्या कामगाराच्या बाबतीत हा फरक ३५० आणि ४५० रुपयांचा आहे. त्याहूनही मोठा फरक ९२ व्या दिवशी पडतो. खांद्याचे दुखणे तीन महिन्यांत बरे झाले नाही, तर कामगारापुढे दोनच पर्याय उरतात : दुखऱ्या हाताने पुन्हा त्याच यंत्रावर बसणे, किंवा काम सोडणे.

ही योजना देशात प्रथम सुरू झाली ती लखनौपासून फार दूर नसलेल्या कानपूरमध्ये आणि दिल्लीत, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी. कानपूरच्या गिरण्यांतील कामगारांसाठी तेव्हा घातलेला पाया भक्कम होता. आजाराच्या नोंदणीची पद्धत मात्र त्याच काळातील धोक्यांभोवती घोटाळत राहिली.

नोंद नसण्याचा आणखी एक परिणाम दीर्घकालीन आहे. जो आजार कळवणे बंधनकारक नाही, त्याची आकडेवारी गोळा होत नाही. आकडेवारी नसल्यामुळे प्रश्न गंभीर असल्याचे दिसत नाही. प्रश्न दिसत नसल्यामुळे यादीत भर घालण्याची निकड वाटत नाही. हे वर्तुळ कोठेतरी तोडल्याशिवाय धोरणकर्त्यांपुढे हा विषय पुराव्यानिशी येण्याची शक्यता कमी आहे.

विषाची दखल, हालचालीची उपेक्षा

औद्योगिक आरोग्याच्या बाबतीत लखनौ मागे होते असे म्हणता येणार नाही. उद्योगांतील विषारी द्रव्यांचा अभ्यास करणारी देशातील प्रमुख संस्था, आजची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, याच शहरात १९६५ मध्ये स्थापन झाली. विष, धूळ आणि धूर यांचे मोजमाप करता येते. रक्तातील शिसे तपासता येते, फुप्फुसाचा एक्स-रे काढता येतो. याद्या बनवणाऱ्यांचा कल अशा मोजता येण्याजोग्या धोक्यांकडे राहिला. वजनाचाही विचार झाला : इजा होईल इतके जड ओझे कोणालाही उचलायला लावू नये, असे कारखाने अधिनियमाचे कलम ३४ सांगत होते. परंतु हलके काम हजार वेळा केल्यावर ते जड होते, ही बाब कायद्याच्या नजरेतून निसटली.

वैद्यकशास्त्राला मात्र ती तीनशे वर्षांपासून माहीत आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे दिली होती : सतत बसून राहणे, हाताची अखंड एकसारखी हालचाल आणि मनावरील ताण. ब्रिटनने १९०८ मध्ये तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताला येणाऱ्या पेटक्यांचा समावेश भरपाईयोग्य आजारांत केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायजन्य आजारांच्या २०१० मधील सुधारित यादीत स्नायू व सांध्यांच्या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात मनगटाच्या कंडरांची सूज, कोपराचे दुखणे आणि कार्पल टनेल सिंड्रोम यांची नावे आहेत.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यादीत भर घालण्यास विरोध करणाऱ्यांचे आक्षेप निराधार नाहीत. खांदा फक्त कारखान्यातच दुखावत नाही. वय, मधुमेह, थायरॉइडचे विकार, गर्भारपण यांमुळेही अशी दुखणी होतात. स्त्रियांच्या बाबतीत घरकामाचा भार वेगळा काढता येत नाही : पीठ मळणे, पाणी भरणे, कपडे धुणे यांतही तेच मनगट आणि तोच खांदा राबतो. वेदना कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही. अशा स्थितीत दाव्यांचा पूर येईल आणि लहान कारखानदार अडचणीत येईल, अशी भीती व्यक्त होते.

इतर देशांचा अनुभव या भीतीला थोडा आधारही देतो. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात टंकलेखन व दूरसंचार क्षेत्रातील कर्मचाऱ्यांकडून अशा तक्रारींची लाट आली आणि ती इजा शरीराची की मनाची, यावर डॉक्टर व न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाला. अमेरिकेने नोव्हेंबर २००० मध्ये कामाची रचना शरीराला अनुकूल ठेवण्याविषयी उद्योगांसाठी सविस्तर नियम जारी केले. उद्योगांच्या तीव्र विरोधानंतर मार्च २००१ मध्ये तेथील संसदेने ते रद्द केले.

फ्रान्सने निवडलेला मार्ग अधिक व्यवहार्य ठरला. तेथील व्यवसायजन्य आजारांच्या ५७ व्या तक्त्यात तीन रकाने आहेत : कोणता विकार, तो काम थांबल्यापासून किती दिवसांत दिसायला हवा आणि कोणत्या प्रकारच्या कामामुळे तो होतो. तिन्ही अटी पूर्ण झाल्या की आजार कामामुळे झाला असे गृहीत धरले जाते. कामगाराला कारण सिद्ध करत बसावे लागत नाही. त्याच वेळी ज्याचे काम त्या वर्णनात बसत नाही, त्याच्या दाव्याला आपोआप मान्यता मिळत नाही. १९७२ मध्ये सुरू झालेला हा तक्ता १९९१ मध्ये विस्तारला गेला. आज फ्रान्समध्ये मान्यता मिळणाऱ्या व्यवसायजन्य आजारांपैकी चार-पंचमांशांहून अधिक आजार स्नायू व सांध्यांचे आहेत. हा आकडा उद्योगांना खर्चिक वाटतो. पण यादीत नाव आल्यावर किती इजा उजेडात येतात, याचाही तो पुरावा आहे.

भारतीय कायद्याला ही पद्धत अपरिचित नाही. भरपाईच्या यादीतही एका बाजूला आजार आणि दुसऱ्या बाजूला कामाचा प्रकार अशीच मांडणी आहे, आणि त्यातील काही आजारांसाठी किमान सहा महिन्यांच्या सलग नोकरीची अट आहे. राजपत्रातून तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन यादी वाढवण्याची तरतूद १९२३ च्या कायद्यातही होती. म्हणजे अडचण चौकटीची नाही, तिच्यात नवी ओळ लिहिण्याची आहे.

नवी उद्याने, लांबणारा दिवस

ही ओळ लिहिण्याची घाई कशासाठी, याचे कारण येऊ घातलेल्या गुंतवणुकीत आहे. ‘पीएम मित्र’ या वस्त्रोद्योग उद्यानांच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ४,४४५ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता दिली. मार्च २०२३ मध्ये सात ठिकाणे जाहीर झाली. त्यांत उत्तर प्रदेशातील लखनौ-हरदोई परिसर आणि महाराष्ट्रातील अमरावती यांचा समावेश आहे. दोन्ही उद्यानांसाठी प्रत्येकी सुमारे एक हजार एकर जागा ठरली आहे. अमरावतीच्या उद्यानाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील कार्यक्रमातून झाली. एका उद्यानातून सुमारे एक लाख प्रत्यक्ष आणि दोन लाख अप्रत्यक्ष रोजगार निर्माण होतील, असा सरकारचा अंदाज आहे.

विदर्भातील कापूस विदर्भातच कपडा होऊन बाहेर पडावा, ही मागणी जुनी आहे, आणि लखनौच्या परिसरातील तरुण-तरुणींना घराजवळ नियमित पगाराचे काम मिळणे स्वागतार्ह आहे. पण कापड कापणे, शिवणे, इस्त्री करणे आणि बांधणे ही या उद्योगातील सर्वाधिक मनुष्यबळाची कामे हाताच्या पुनरावृत्तीवरच चालतात. त्या रोजगारात हात आणि खांद्यांच्या इजांचा वाटाही येणार, हे गृहीत धरूनच नियोजन व्हायला हवे.

त्यातच कामाचा दिवस लांबवण्याकडे राज्यांचा कल आहे. उत्तर प्रदेश सरकारने मे २०२० मध्ये कारखान्यांना १२ तासांच्या पाळीची मुभा दिली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस बजावल्यानंतर आठवडाभरातच ती मागे घ्यावी लागली. गुजरात सरकारची तशाच स्वरूपाची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली. तरीही विषय संपला नाही. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली.

आठवड्याचे एकूण तास तेवढेच राहणार असल्याने कामगाराचे नुकसान नाही, असा युक्तिवाद या संदर्भात केला जातो. मजुरीच्या हिशेबात तो टिकू शकतो. शरीराच्या हिशेबात टिकत नाही. कंडरांची झीज एका दिवसात किती होते आणि पुढच्या पाळीपूर्वी भरून येण्यास किती तास मिळतात, यावर इजा अवलंबून असते. बारा तासांची पाळी, येण्या-जाण्याचा वेळ आणि घरकाम यांनंतर उरणारी विश्रांती अपुरी पडली, तर आठवड्याच्या शेवटी मिळणारी जादा सुट्टी ती भरून काढेलच असे नाही.

कारखान्याबाहेरचे हात

यादीत बदल झाला तरी लखनौतील सर्वांना त्याचा लाभ होणार नाही. नव्या संहितेनुसार विजेवर चालणाऱ्या आस्थापनेत २० आणि विजेविना चालणाऱ्या आस्थापनेत ४० कामगार असतील, तरच ती कारखाना ठरते. पूर्वी ही मर्यादा अनुक्रमे १० आणि २० होती. जरदोजीचा एखादा अड्डा किंवा शिलाईची छोटी कार्यशाळा या व्याख्येत बसणे कठीण आहे.

चिकनचे भरतकाम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया तर आपापल्या घरी काम करतात. कापड मध्यस्थामार्फत येते, मजुरी नगावर मिळते. कोणासाठी काम केले, याचा कागद नसतो. मग नियोक्ता म्हणून बोट कोणाकडे दाखवायचे? नगावर मजुरी असल्यामुळे हात दुखला म्हणून थांबणे म्हणजे त्या दिवसाची कमाई सोडणे. दुखणे अंगावर काढण्याची सवय या रचनेतूनच येते. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलमुळे असंघटित कामगारांच्या नोंदणीची सोय झाली. परंतु व्यवसायामुळे झालेल्या इजेची नोंद आणि तिची भरपाई या गोष्टी नोंदणीपाठोपाठ आपोआप येत नाहीत.

उपाय महाग नाहीत

भरपाई हा शेवटचा टप्पा आहे. इजा टाळणे हा पहिला, आणि त्यासाठी मोठ्या गुंतवणुकीची गरज नाही. उंची कमी-जास्त करता येणारी खुर्ची, योग्य उंचीचे टेबल, धार असलेली कात्री, वेळेवर तेल-पाणी केलेले यंत्र, पुरेसा उजेड, दर तासाला काही मिनिटांची विश्रांती आणि दिवसातून एक-दोनदा कामाची अदलाबदल यांनी बराच भार कमी होतो. जरदोजीचा अड्डा जमिनीपासून उंच करून कारागिराला पाठीला टेकू मिळेल अशा आसनावर बसवता येते. कामगार मंत्रालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय श्रम संस्था मुंबईत शीव येथे आहे, तिची प्रादेशिक शाखा कानपूरमध्ये आहे, आणि काम व शरीर यांच्या मेळाचा अभ्यास हा या संस्थांच्या कार्यकक्षेतलाच विषय आहे. अमरावती आणि लखनौच्या उद्यानांत यंत्रे बसवण्यापूर्वीच या संस्थांचा सल्ला बंधनकारक करणे अवघड नाही. यंत्रे बसल्यानंतर तीच दुरुस्ती महाग पडते.

नव्या संहितांच्या अंमलबजावणीबरोबर सरकारने ४० वर्षांवरील कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीची हमी दिली आहे. पाऊल योग्य दिशेने आहे. मात्र वयाच्या विशीत शिलाईच्या साखळीवर बसलेल्या मुलीचा खांदा चाळिशीची वाट पाहत नाही. पुनरावृत्तीच्या कामांसाठी वयाची अट शिथिल करणे आणि तपासणीत पकड, मनगट व खांद्याची हालचाल यांचा समावेश करणे, एवढ्याने सध्या नसलेली आकडेवारी तयार होऊ लागेल.

त्यानंतरचा निर्णय राजपत्रातील एका अधिसूचनेचा आहे. कोणता विकार, कोणते काम आणि किती कालावधी, हे स्पष्ट करून हात व खांद्यांच्या इजा यादीत आणल्या, तर खोट्या दाव्यांना आळा बसेल आणि खऱ्या दुखण्याला दाद मिळेल. ती अधिसूचना उद्यानांतील पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी निघते की कामगारांची एक पिढी झिजल्यानंतर, यावर लखनौ आणि अमरावती येथे येऊ घातलेल्या लाखो रोजगारांची गुणवत्ता अवलंबून राहील.